कथेत मुरलेली श्रद्धा कशी वाचावी

म्हापशातल्या आमच्या छोट्या वाचनमंडळात 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' वाचायला घेतले, तेव्हा पहिल्याच बैठकीत मी एक चूक केली. सॉरॉन ह्या दुष्ट सत्ताधीशाची अंगठी आगीत नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोची आणि त्याच्या सोबत्यांची ही कादंबरी. जे. आर. आर. टॉल्किन हे निष्ठावान कॅथलिक होते एवढी माहिती हाताशी होती. तेवढ्या भांडवलावर मी फळ्याच्या मधोमध उभी रेघ ओढली, डावीकडे कादंबरीतली पात्रे आणि उजवीकडे बायबलातली नावे लिहिली आणि शाळेत सांगतात तसे 'जोड्या लावा' म्हणून सांगितले. अर्ध्या तासात फळा भरला. जादूगार गॅन्डाल्फ मरून परत येतो म्हणून तो ख्रिस्त, आरागॉर्न हरवलेला राजा म्हणून परततो म्हणून तोही ख्रिस्त, आणि फ्रोडो जगाचे ओझे गळ्यात घालून डोंगर चढतो म्हणून तोही ख्रिस्तच. असे तीन ख्रिस्त जमल्यावर मंडळातल्या एका ज्येष्ठ कॅथलिक बाईंनी, ज्यांना आम्ही सगळे टीचर म्हणतो, शांतपणे विचारले, "सर, तिघे आहेत, बरे आहे. पण शेवटी तारले कोणी?"

त्या प्रश्नाचे उत्तर फळ्यावर कुठेच नव्हते. पुढची पद्धत त्या प्रश्नातून बसत गेली. लेखकाची श्रद्धा कथेत शोधताना 'हा कोण आणि तो कोण' हे विचारण्याऐवजी 'कोण तरते, कशामुळे तरते आणि ते त्याने कमावलेले असते का' हे विचारावे, एवढेच तिचे सार आहे. टॉल्किन यांच्या बाबतीत ही पद्धत शिकणे सोपे जाते, कारण त्यांनी आपल्या लेखनाविषयी पत्रांतून पुष्कळ लिहून ठेवले आहे आणि त्या पत्रांची निवड १९८१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्धही झाली आहे.

आधी गोष्ट, मग गोष्टीमागची गोष्ट

पहिले वाचन पेन्सिल न घेता, अनुवादात किंवा मूळ इंग्रजीत, पण शेवटच्या पानापर्यंत करावे आणि परिशिष्टे गाळू नयेत. श्रद्धेच्या खुणा हुडकायच्या म्हणून वाचायला बसलेला माणूस प्रत्येक प्रकाशकिरणात देवदूत पाहतो आणि गोष्ट मात्र त्याच्या हातून निसटते. शिवाय ह्या कादंबरीत श्रद्धा जिथे खरोखर काम करते ती जागा अगदी शेवटाजवळ आहे, आणि तिचे धागे सुरुवातीच्या एका साध्या संभाषणात गुंतलेले आहेत. शेवट माहीत झाल्याशिवाय ते संभाषण महत्त्वाचे आहे हेच कळत नाही. चित्रपट पाहून आलेल्यांसाठी एक सूचना: गॉलमवर, म्हणजे पूर्वी ती अंगठी बाळगून तिच्या मोहात झिजलेल्या जिवावर, दया का करावी, ह्याविषयीचे गॅन्डाल्फचे बोलणे पडद्यावर मोरियाच्या खाणीत घडते, तर पुस्तकात ते प्रवास सुरू होण्याच्याही आधी, फ्रोडोच्या घरी होते. आमच्यातले निम्मे जण ते चुकीच्या प्रकरणात शोधत बसले होते.

इंग्लंडमधला कॅथलिक आणि गोव्यातला

दुसऱ्या टप्प्यावर लेखकाचे चरित्र पाहावे. आपण गोव्यात बसून 'कॅथलिक' हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे पांढरीशुभ्र इगर्ज (चर्च), फेस्ताची फेरी आणि वाड्यावरच्या खुरसापुढची (क्रुसापुढची) लदीन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, येते. त्याच्या मागे आणखी एक जुनी आठवण उभी असते, सोळाव्या शतकात राज्यकर्त्यांच्या धाकाने कुशस्थळीहून मंगेश आणि केळशीहून शांतादुर्गा नदीपलीकडे अंत्रुजात हलवावी लागल्याची. म्हणजे आपल्या मनात हा धर्म एकेकाळच्या सत्तेचा धर्म आहे. टॉल्किन ज्या इंग्लंडमध्ये वाढले, तिथे गोष्ट नेमकी उलटी होती. कॅथलिकांवरचे बहुतेक कायदेशीर निर्बंध तिथे १८२९ मध्ये उठले असले, तरी त्यांच्याकडे संशयाने पाहण्याची सवय समाजातून गेलेली नव्हती.

टॉल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेन इथे झाला आणि ते चार वर्षांचे असताना वडील वारले. आई मेबल हिने १९०० साली कॅथलिक पंथ स्वीकारला, तेव्हा नात्यातल्या लोकांनी मदतीचा हात आखडता घेतला. ओढाताणीच्या संसारात, मधुमेहावर इन्सुलिन सापडण्याच्या कितीतरी आधी, १९०४ मध्ये ती गेली. तेव्हा मुलगा बारा वर्षांचा होता. आपली आई श्रद्धेपायी हुतात्मा झाली असे ते आयुष्यभर मानत आले. पुढे दोन्ही भावांचे पालकत्व बर्मिंगहॅमच्या ऑरेटरी ह्या कॅथलिक धर्मगृहातल्या एका पाद्रींनी सांभाळले, त्यांचे नाव फादर फ्रान्सिस झेवियर मॉर्गन. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बॅसिलिकेत ज्या संताचे अवशेष आहेत त्याच्याच नावाचा माणूस ह्या पोरक्या मुलाचा पालक होता, हे ऐकून आमच्या मंडळात क्षणभर सगळेच जवळच्या नात्यातले झाले. ह्या योगायोगावर कोणताही सिद्धान्त उभा राहत नाही, पण लक्षात राहण्यासाठी तो उपयोगी आहे.

चरित्रातून घ्यायचे ते एवढेच, की ह्या लेखकाच्या अनुभवात श्रद्धा गमावण्याशी जोडलेली आहे. जे हरते, मागे पडते, हद्दपार होते, तेच खरे असू शकते, हा भाव त्यांच्या कथेत सर्वत्र आहे. शेवटी जिंकणारेसुद्धा काहीतरी कायमचे गमावूनच जिंकतात आणि फ्रोडोला तर आपण वाचवलेल्या गावात राहणेही जमत नाही. हे दुःख पहिल्या महायुद्धातून आले, असे म्हणणारेही आहेत आणि ते खोटे नाही, कारण १९१६ मध्ये टॉल्किन सोमच्या आघाडीवर होते. पण बारा वर्षांच्या मुलाने जे पाहिले ते त्याच्या आधीचे आहे.

लेखक स्वतः काय म्हणतो

आता पत्रांकडे वळावे. २ डिसेंबर १९५३ रोजी, म्हणजे सांत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताच्या आदल्या दिवशी, टॉल्किन यांनी रॉबर्ट मरी ह्या जेझुइट मित्राला लिहिले की ही कादंबरी मुळातच धार्मिक आणि कॅथलिक कृती आहे, लिहिताना ती नकळत तशी होत गेली आणि पुनर्लेखनात मात्र जाणीवपूर्वक. ह्याच्या पुढचे विधान अधिक मोलाचे आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे नेमक्या ह्याच कारणासाठी त्यांनी त्या काल्पनिक जगातून धर्म, उपासना, विधी ह्यांचे जवळजवळ सगळे उल्लेख काढून टाकले, कारण धार्मिक तत्त्व कथेत आणि प्रतीकांत शोषले गेले आहे. हजारभर पानांच्या ह्या ग्रंथात देऊळ नाही, चर्च नाही, पुजारी नाही.

दुसरे पत्र १९५८ चे आहे आणि ते उत्साही वाचकाला जमिनीवर आणते. त्यात ते म्हणतात की आपण ख्रिस्ती आहोत हे आपल्या कथांवरून ताडता येईल, पण कॅथलिक आहोत हे बहुधा ताडता येणार नाही. स्वतः लेखकच मर्यादा घालून देत असेल, तर आपण ती पाळलेली बरी. कादंबरीच्या सुधारित आवृत्तीच्या प्रस्तावनेत रूपककथेविषयीची नावडही त्यांनी स्पष्ट शब्दांत नोंदवली आहे. वाचकाला आपल्या अनुभवाशी जोडून घेता यावे, पण लेखकाने ती जोडणी लादू नये, असे त्यांचे मत होते. त्यांचे मित्र सी. एस. लुईस हे अँग्लिकन होते आणि त्यांच्या नार्नियाच्या कथांतला सिंह कोण हे लहान मुलालाही सांगता येते. टॉल्किन यांना ती रीत रुचली नाही.

सांधे तपासण्याची रीत

श्रद्धा शोषली गेली आहे असे म्हटले, तर ती दिसणार कुठे? माझे उत्तर असे, की कथेच्या सांध्यांवर, म्हणजे जिथे प्रसंगाला वळण मिळते तिथे. वहीच्या पानावर 'तारीख', 'अन्न', 'कबुली' आणि 'शेवट' असे चार शब्द लिहावेत आणि दुसऱ्या वाचनात त्यांच्यापुढे प्रसंग नोंदवत जावे.

तारखेचा सांधा झटपट आटपतो. परिशिष्टातल्या कालपटानुसार अंगठीचे वाहक २५ डिसेंबरला रिव्हेन्डेल ह्या एल्फांच्या ठाण्याहून निघतात आणि अंगठी २५ मार्चला नष्ट होते. पहिली तारीख नाताळची आहे हे सगळ्यांना कळते. दुसरी तारीख देवदूताने मरियेला सांगावा दिल्याच्या सणाची आहे. ख्रिस्ताला क्रुसावर चढवले तो दिवसही हाच, अशी मध्ययुगात समजूत होती आणि इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी नवे वर्षही ह्याच दिवशी सुरू होत असे. आरागॉर्नच्या गॉन्डॉर राज्याचे नवे वर्ष यापुढे २५ मार्चला सुरू होईल असे कादंबरीत गॅन्डाल्फ फ्रोडोचा सोबती सॅम ह्याला सांगतो, ते ह्या पार्श्वभूमीवर वाचावे. एखाद्या मराठी लेखकाने आपल्या कल्पित देशातल्या असुराचा वध चैत्र शुद्ध प्रतिपदेला घडवला आणि गुढीचा उल्लेखही केला नाही, तरी आपल्याला जे कळेल, तेच इथे कळायचे आहे. सांगितलेले काही नाही आणि लपवलेलेही काही नाही.

अन्नाच्या सांध्यावर थोडे थांबावे. एल्फ ह्या अमर जमातीचे लोक प्रवाशांना 'लेम्बास' नावाच्या पातळ वड्या देतात. त्या पानांत गुंडाळलेल्या असतात आणि एक वडी दिवसभराच्या कष्टाला पुरते. मॉर्डॉरच्या, म्हणजे सॉरॉनच्या, राखाडी मुलखात फ्रोडो आणि सॅमपाशी दुसरे काही उरत नाही, तेव्हा कथाकार सांगतो की ह्या अन्नाने पोट भरल्याचे सुख मिळत नव्हते, पण ते इच्छाशक्तीला पोसत होते, आणि प्रवासी इतर अन्न न मिसळता केवळ त्याच्यावर विसंबले की त्याचा गुण वाढत होता. हे वाक्य मी मोठ्याने वाचले आणि टीचरना विचारले, "तुम्हांला काय आठवते?" त्या म्हणाल्या, "उपाशीपोटी घेतलेला कुंगार." कुंगार म्हणजे मिसेतला पवित्र प्रसाद. त्यांच्या लहानपणी मिसेला जाण्याआधी मध्यरात्रीपासून काही खायचे नसे आणि वेदीवरची ती पातळ चकती जिभेवर विरघळेपर्यंत आई बोलू देत नसे.

मराठी वाचकाला ह्या जागी एक शब्द आयता मिळतो. मरणाच्या दारात असलेल्या माणसाला जो शेवटचा प्रसाद दिला जातो, त्याला लॅटिनमध्ये 'व्हायाटिकम' म्हणतात आणि त्याचा मूळ अर्थ वाटखर्ची, प्रवासाची तरतूद असा आहे. आपल्याकडे ती शिदोरी. शेताला जाणाऱ्याने फडक्यात बांधून घ्यायची तीही शिदोरी आणि कीर्तनकार सांगतात ती पुण्याचीही शिदोरीच. लेम्बासला शिदोरी म्हटले की भाकरी आणि प्रसाद हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात, न भांडता, नांदतात. लेम्बासचा संबंध एका समीक्षकाने पवित्र प्रसादाशी जोडला, तेव्हा टॉल्किन यांनी त्याच १९५८ च्या पत्रात तो नाकारला नाही, उलट परीकथेतल्या लहानशा गोष्टी हाताळताना मनावर फार मोठ्या गोष्टींचा रंग चढलेला असू शकतो, असे म्हटले. १९४१ मध्ये मुलाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी ह्या पृथ्वीवर प्रेम करण्याजोगी एकमेव थोर गोष्ट म्हणून ह्याच प्रसादाचे नाव घेतले आहे. इतक्या प्रेमाची गोष्ट कादंबरीत येते ती मात्र पानात गुंडाळलेली, प्रवासात चुरा झालेली, दोन दमलेल्या माणसांनी अर्धी अर्धी खाल्लेली.

कबुलीचा प्रसंग फ्रोडोबरोबर निघालेल्या बोरोमिर ह्या योद्ध्याचा आहे. तो फ्रोडोकडून अंगठी हिसकावू पाहतो, थोड्याच वेळात भानावर येतो आणि दोन लहानग्या सोबत्यांना वाचवताना बाणांनी विंधून पडतो. आरागॉर्न धावत येतो तेव्हा मरता मरता तो पहिली गोष्ट सांगतो ती आपल्या अपराधाची, मग खेद व्यक्त करतो, किंमत मोजल्याचे सांगतो आणि आपण हरलो म्हणतो. आरागॉर्न त्याला सांगतो की तू हरला नाहीस, जिंकलास. अपराध कबूल करणे, पश्चात्ताप, प्रायश्चित्त आणि ऐकणाऱ्याने शांती देणे, हा सगळा क्रम कुमसाराचा, म्हणजे पाद्रीपुढे पापे कबूल करण्याच्या विधीचा, आहे. हे मात्र माझे वाचन आहे, लेखकाने तसे म्हटल्याचा दावा मी करत नाही. वहीत अशा नोंदींपुढे 'माझे' असे लिहून ठेवावे आणि पत्रांतून मिळालेल्या नोंदींपुढे तारीख टाकावी. ह्या एका सवयीने निम्मे वाद टळतात.

चौथा सांधा आणि एक प्रयोग

शेवटाचा सांधा समजून घेण्यासाठी एक छोटा प्रयोग करावा. ज्वालामुखीच्या कड्यावर फ्रोडो अंगठी स्वतःच्या हाताने आगीत टाकतो, सॉरॉन संपतो आणि दोघे घरी जातात, असा शेवट चार-पाच ओळींत लिहून काढावा. लिहायला दोन मिनिटे पुरतात आणि शेवट वाईटही वाटत नाही. शूर माणसाने कष्ट सोसले आणि काम तडीस नेले, आपल्या श्रावणातल्या कहाण्यांसारखे सुफळ संपूर्ण.

मग ह्या नव्या शेवटाने कथेतले काय काय निरुपयोगी झाले, ह्याची यादी करावी. पुस्तकात प्रत्यक्षात फ्रोडो कड्यावर उभा राहून अंगठी आपली असल्याचे जाहीर करतो आणि ती बोटात घालतो. तो अपयशी ठरतो. गॉलम त्याचे बोट चावून तोडतो, अंगठी मिळाल्याच्या आनंदात नाचतो आणि तोल जाऊन तिच्यासकट आगीत पडतो. तो तिथवर जिवंत पोचतो, कारण कित्येक वर्षांपूर्वी अंधाऱ्या गुहेत फ्रोडोचा नातलग बिल्बो ह्याने त्याच्यावर तलवार चालवली नाही, वाटेत फ्रोडोने त्याला मारले नाही आणि अगदी शेवटी, डोंगराच्या उतारावर, ज्याला त्याच्याविषयी कधीच माया नव्हती त्या सॅमचाही हात थबकला, कारण थोडा वेळ अंगठी बाळगल्यामुळे त्याला गॉलमचे हाल अंधूकपणे कळले होते. आपला चार ओळींचा शेवट ठेवला, तर ह्या तिन्ही दया फुकट जातात. फ्रोडोने घर सोडण्याआधीचे ते संभाषणही मग नुसता उपदेश ठरते.

टीचरच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. तारले कोणी? एकट्या नायकाने नव्हे. १९५६ च्या एका पत्रात टॉल्किन म्हणतात की फ्रोडोने आपल्या शक्तीचा शेवटचा थेंब खर्च केला म्हणून तो सन्मानास पात्र आहे, पण त्यानंतर दुसऱ्या शक्तीने सूत्रे हाती घेतली, कथेच्या लेखकाने, आणि लगेच खुलासा करतात की तो लेखक म्हणजे मी नव्हे. ह्याच प्रसंगाविषयी लिहिताना त्यांनी 'आमच्या बापा' ह्या प्रार्थनेतल्या ओळींची, आम्ही क्षमा करतो तशी आम्हांला क्षमा कर आणि मोहात पडू देऊ नकोस ह्या मागण्यांची, आठवण काढली आहे. माणसाचे बळ पुरते पडत नाही, कृपा लागते, पण कृपा यायला आधी कोणीतरी दया केलेली असावी लागते, अशी ही घडण आहे. अशा अनपेक्षित सुखान्तासाठी त्यांनी १९३९ च्या सेंट अँड्रूज विद्यापीठातल्या व्याख्यानातून पुढे आलेल्या निबंधात 'युकॅटास्ट्रफी' हा शब्द घडवला. मराठीत मी त्याला 'अवचित मांगल्य' म्हणतो, कोणाला बरा सुचला तर बदलावा.

इथे पुनर्लेखनाचा पुरावाही हाताशी आहे. बिल्बोची गोष्ट सांगणाऱ्या त्यांच्या आधीच्या 'द हॉबिट' ह्या पुस्तकाच्या १९३७ च्या पहिल्या आवृत्तीत गुहेतला तो प्रसंग वेगळा होता. गॉलम पैज हरल्यावर बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो आणि दोघे बऱ्यापैकी सलोख्याने निरोप घेतात, त्यामुळे मारण्या-न मारण्याचा प्रश्नच तिथे येत नाही. १९५१ च्या आवृत्तीत टॉल्किन यांनी ते प्रकरण बदलले आणि मोकळ्या तलवारीनिशी उभ्या असलेल्या बिल्बोच्या मनात त्या दीनवाण्या जिवाविषयी अचानक कणव दाटून येते, तो क्षण लिहिला. नकळत आलेली श्रद्धा पुनर्लेखनात जाणतेपणी कशी रुजवतात, हे ह्याहून जवळून पाहायला मिळणे कठीण. दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचण्यासाठी एक पूर्ण बैठक राखून ठेवावी.

आपल्याकडे हे अगदीच अनोळखी आहे असे मानू नये. मुलाला हाक मारताना तोंडून नारायणाचे नाव निघाले म्हणून तरलेला अजामिळ ह्याच जातीचा आहे, त्याने काही कमावलेले नव्हते. पण व्रतकथांचा साचा वेगळा. तिथे उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये, आणि न टाकणाऱ्याला फळ मिळते. फ्रोडोने वसा टाकला, तरी फळ मिळाले.

बहीण म्हणजे तीच नव्हे

आता फळ्यावरच्या जोड्यांचे काय करायचे? टाकून देण्याची गरज नाही, पण नाते बदलावे लागते. आमच्या म्हापशात ह्याची रीत पूर्वीपासून आहे. मिलाग्र सायबीण, म्हणजे इथल्या चर्चमधली मरियामाता, आणि शिरगावची लईराई देवी ह्या बहिणी आहेत असे इथले लोक मानतात, आणि सायबिणीच्या फेस्ताला हिंदू भाविकांचीही रीघ लागते. मात्र सायबीण म्हणजेच लईराई, असे कोणी म्हणत नाही. बहिणींत साम्य असते, रक्त एक असते, घर वेगळे असते.

कादंबरीतली एल्फांची राणी गॅलॅड्रिएल आणि मरिया ह्यांच्याकडे असेच पाहावे. सौंदर्याची आपली सगळी जाण मरियेवर आधारलेली आहे, असे टॉल्किन यांनी लिहिले आहे, त्यामुळे साम्य खरे. पण १९७१ मध्ये त्यांनीच नोंदवले की गॅलॅड्रिएल ही पश्चात्ताप करणारी स्त्री आहे, तारुण्यात ती बंडाच्या पुढाऱ्यांपैकी होती. निष्कलंक मरियेशी ती जोडी तिथेच तुटते. साम्य मिळाले की थांबायचे नाही, ते कुठे तुटते ते शोधायचे, कारण पात्र स्वतःचे आयुष्य तिथूनच जगू लागते.

श्रद्धा आणि कथा नेहमी एकमेकींत नीट बसतात असेही नाही. दुष्टतेला काही निर्माण करता येत नाही, ती फक्त विडंबन करू शकते, हे फ्रोडोच्या तोंडी आलेले मत ख्रिस्ती विचाराला धरून आहे. मग ऑर्क, म्हणजे सॉरॉनच्या सैन्यातले क्रूर जीव, आले कुठून, त्यांना आत्मा आहे का, त्यांचा उद्धार शक्य आहे का? टॉल्किन वर्षानुवर्षे ह्यावर उलटसुलट लिहीत राहिले आणि त्यांचे समाधान झाले नाही. मला स्वतःला ही अडलेली जागा त्यांच्या यशस्वी जागांइतकीच प्रामाणिक वाटते.

राय्तूरचे पुराण शेजारी ठेवून

गोव्यातल्या मराठी वाचकाकडे तुलनेसाठी एक ग्रंथ आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यातल्या राय्तूरला छापले गेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे, मराठीत. बायबलाची कथा सांगताना तो स्वर्गाला वैकुंठ म्हणतो, पुराणाची बैठक घेतो आणि मराठीच्या थोरवीच्या ओव्याही रचतो.

स्टीफन्सच्या ग्रंथात श्रद्धा हा विषय आहे आणि वेष इथला आहे. टॉल्किन यांच्या ग्रंथात विषय अंगठी, राजे आणि वाटसरू हा आहे, तर श्रद्धा हे त्याचे व्याकरण आहे. दोघेही इंग्रज, दोघेही कॅथलिक, पण एकाने नाव घेऊन सांगितले आणि दुसऱ्याने नाव गाळून. वाचनमंडळात दोन्हींतले एकेक पान एकाच संध्याकाळी वाचले, तर 'कथेत धर्म असणे' ह्या एका शब्दप्रयोगाखाली किती वेगळ्या गोष्टी येतात ते व्याख्यानाशिवाय कळते.

लिहिणाऱ्यासाठी

वाचता वाचता लिहावेसे वाटणारे दोघे-तिघे प्रत्येक मंडळात असतातच. त्यांनी आपला विश्वास आधी एका वाक्यात, क्रियापदासकट, लिहून पाहावा. 'देव दयाळू आहे' हे चालणार नाही, कारण त्यात कोणी काही करत नाही. 'केलेली दया करणाऱ्याच्या नकळत परत येते' हे चालेल, कारण त्यावर प्रसंग रचता येतो. मग कथेतून देव, देऊळ, इगर्ज, मंत्र, पवित्र पाणी सगळे काढून टाकून कथा उभी राहते का ते पाहावे.

डिचोलीहून येणाऱ्या आमच्यातल्या एका तरुणाने खाजन शेतीच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांच्या, कल्पित देशाची कथा लिहायला घेतली. नदीच्या भरतीबरोबर खाऱ्या पाण्यातून एक राक्षस येतो आणि बांधाच्या मानसाची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या दाराची, लाकडी फळी वेळेवर पडली नाही, तर सगळी शेते बुडतात. पहिल्या खर्ड्यात एक साधू येऊन मंत्राने राक्षसाला परतवत होता. टॉल्किन वाचून झाल्यावर त्याने साधू काढला आणि मानस राखणाऱ्या माणसाने पूर्वी सोडून दिलेला मासेचोर ऐन भरतीला फळी पाडतो, असा शेवट केला. सगळ्यांना तो आवडला. टीचरनी मात्र विचारले, "बाबा, तू हे मानतोस? की पुस्तकात चांगले दिसले म्हणून घेतलेस?"

तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला की त्याच्या आजीने त्याला शिकवले ते असे नव्हते, तिच्या मते केलेले कर्म फेडावेच लागते, कोणाच्या दयेने ते पुसले जात नाही. मग तोच शेवट त्याने लिहायला हवा, असे माझे मत पडले. उसन्या श्रद्धेचा शेवट वाचकाला चटकन ओळखू येतो, आणि फेडण्यावर विश्वास असलेल्याच्या हातून फेडण्याचीच गोष्ट चांगली उतरेल. टीचरना हे पुरते पटले नाही, चोराला एक संधी द्यायला हवी असे त्या अजूनही म्हणतात. मानसाची फळी कोण पाडणार हे त्याने अजून ठरवलेले नाही, आणि पुढच्या बैठकीला तो तेवढे एक पान कोरे ठेवून बाकीची कथा वाचणार आहे.